धाकटं आधी गेलं

"काय गं, काल रात्री दोनपर्यंत दिवा जळत होता तुझ्याकडे. पुन्हा ते सर्व्हर?"

"हो ना काकू. सुरक्षेचे अपडेट आले होते, सूचना आली की बसावंच लागतं."

"पण ते तुमचं सॉफ्टवेअर फुकटातलं ना? पैसे नाहीत, पावती नाही. मग तुला कळवायला येतं कोण?"

"ज्याची त्याची तऱ्हा. लिनक्स, म्हणजे आमचे सर्व्हर ज्यावर चालतात ती प्रणाली, तिचा तो लिनस टोरवाल्ड्स बहुतेक रविवारी स्वतः पत्र लिहितो, आठवड्यात काय काय झालं त्याचं. डेबियन हे लिनक्सचंच एक रूप, ते नवी आवृत्ती कधी विचारलं की म्हणणार, तयार झाली की. आणि नोटपॅड प्लस प्लस म्हणून मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा कर्ता तर आवृत्तीच्या नावातच राजकारण घालतो. २०१९ मध्ये एकीचं नाव ठेवलं 'फ्री उइगुर', म्हणजे चीनमधल्या उइगुरांना मुक्त करा. चिनी मंडळी तुटून पडली त्याच्यावर."

"आगाऊच दिसतोय."

"असू दे, निदान पोटात एक नि ओठात एक असं नाही त्याचं. सेंटओएसवाल्यांनी काय केलं ते ऐका. रेड हॅट म्हणून कंपनी आहे, तिचं लिनक्स मोठ्या कंपन्या पैसे मोजून घेतात. त्याचाच उघडा सोर्स कोड घेऊन, कंपनीचं नाव नि चिन्ह काढून सेंटओएस तयार व्हायचं. फुकट."

"म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या."

"परवान्यात बसणाऱ्या हो! आणि २०१४ मध्ये रेड हॅटनंच त्या मंडळींना आपल्या पंखाखाली घेतलं. २०१९ च्या सप्टेंबरात आठवी आवृत्ती आली, मुदत २०२९ पर्यंत. दहा वर्षं निश्चिंती म्हणून लोकांनी भराभर सर्व्हर तिच्यावर नेले. आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं, आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद."

"अगं बाई! सात-आठ वर्षं गिळली की."

"अहो, त्यातली गंमत पुढेच आहे. सातवी आवृत्ती जुनी, तिची मुदत जून २०२४. ती तशीच ठेवली! थोरलं जगलं, धाकटं आधी गेलं. म्हणजे जे आळस करून जुन्यावरच बसले होते ते वाचले, आणि ज्यांनी शहाण्यासारखं वेळेत नवं घेतलं त्यांच्या तोंडाला पानं पुसली."

"पण सांगितलं तर ना? वर्षभर आधी सांगितलं."

"सांगितलं कसं, ते बघा. शीर्षक काय, तर प्रकल्प आता आपलं लक्ष सेंटओएस स्ट्रीमकडे वळवतोय. जाणाऱ्याचं नाव नाही, येणाऱ्याचं बारसं. आणि ते स्ट्रीम म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीत जे जायचं ते आधी तिथे येणार. लोकांना हवं होतं मुरलेलं, जुनं, न हलणारं."

"हे बघ, मी स्पष्ट बोलते. फुकट घ्यायचं आणि वर कळवलं कसं यावरही नाकं मुरडायची, हे मला पटत नाही."

"पटू नका. पण २०२९ ही तारीख लोकांनी मागितली नव्हती काकू, ती त्यांनीच दिली होती. त्यावर कामं आखली गेली. दिलीच नसती तर कोण भांडलं असतं? डेबियनशी कुणी भांडतं का?"

"हं. मग भांडून मिळालं काय?"

"सेंटओएस सुरू करणाऱ्यांतलाच एक, ग्रेगरी कर्टझर, त्याच दिवशी म्हणाला, मी नवं काढतो. रॉकी लिनक्स. त्याच्या गेलेल्या सहकाऱ्याचं नाव रॉकी, त्याच्यावरून. आणि दुसरीकडून अल्मालिनक्स निघालं, ते तर मार्च २०२१ मध्ये तयारही होतं."

"म्हणजे घर फुटलं आणि दोन चुली झाल्या. मग नीट सांगणारं कुणी आहेच की नाही?"

"आहे ना. ओपनएसएसएल. वेबसाइटच्या पत्त्यापुढे कुलूप दिसायचं ना, त्यामागचं काम करणारं. २०२२ ची दिवाळी आठवते? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण आलं होतं."

"आठवतं तर! फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवली होती मी."

"त्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला त्यांनी कळवलं की अतिगंभीर दोष सापडलाय, दुरुस्ती येत्या मंगळवारी, १ नोव्हेंबरला मिळेल. आपल्याकडचे संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. दोष कुठला, ते मात्र सांगितलं नाही, नाहीतर चोरांना वाटच दाखवल्यासारखं. आपल्याकडे 'गुरुवारी पाणी येणार नाही' म्हणून आधी सांगतात, तसं. तुम्ही पिंप भरून ठेवा."

"आणि गुरुवारी पाणी आलंच, की माझ्यासारखीची चिडचिड."

"अगदी तेच झालं! मंगळवारी कळलं की दोष अतिगंभीर नाही, एक पायरी खालचा आहे. तोही ३.० मालिकेपुरता, १.१.१ वर असलेल्यांना काहीच नाही. लोक म्हणाले, उगाच आठवडाभर घाबरवलं. मी म्हणते, घाबरवू देत. माझी तोवर यादी तयार होती, कुठल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे त्याची. ती एरवी कुणी करत नाही."

"मग आता तुझ्याकडे काय, ते रॉकी?"

"अल्मा. आठवी आवृत्ती, मुदत २०२९."

"पुन्हा २०२९! आणि तू विश्वास ठेवलास?"

"ठेवला. आणि नववीवर जायची तयारीही करून ठेवलीय. ते काल रात्रीचं तेच होतं थोडंसं."