टाकी फुल्ल, कॅन रिकामा

आमच्या भाच्याच्या मोटारसायकलला दोन कॅन आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकी पाच लिटरचे, चपटे, लष्करी हिरव्या रंगाचे, आणि दोन्हींना कुलूप. कुलपाची किल्ली भाच्याच्या गळ्यात असते. कॅनमध्ये काही नसतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या ३०० किलोमीटरमध्ये मला दुसरं फारसं काही दिसलेलं नाही.

मे महिन्यातला रविवार. ‘पावसाआधीची शेवटची राईड’ अशी हाळी आली. (जूनमध्ये ‘पावसातली पहिली राईड’ असते. दोन्हींच्या मध्ये आठवडा जातो.) पुण्याहून भोर, वरंध घाट उतरून महाड, तिथून पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पसरणी घाटाने वाई आणि रात्री परत पुणे. मीही माझी स्कूटर काढली. भाचा म्हणाला, “मामा, या की. फक्त ग्रुप फोटोत जरा मागे उभे राहा. तुम्ही नाही, स्कूटर.”

जमायची वेळ साडेपाच, म्हणून सातला निघालो. जमायची जागा पेट्रोलपंप. सहा मोटारसायकली, बारा कॅन. कुणी पुढे राहायचं, कुणी शेवटी, कुठे थांबून सगळ्यांनी एकत्र व्हायचं याचं ब्रीफिंग झालं. पानिपतावर निघताना इतकं झालं असतं तर बरं झालं असतं. मग सगळ्यांनी टाक्या फुल्ल केल्या. नळी हातात होतीच, म्हणून मी सहज विचारलं, “कॅन नाही का भरायचे?”

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी देवघरातल्या समईत रॉकेल घालायला निघालो होतो.

“मामा, भरले की गाडी जड होते,” भाचा म्हणाला. दुसरा म्हणाला, वळणावर आत पेट्रोल हिंदकळतं, बॅलन्स जातो. तिसरा म्हणाला, उन्हात वास मारतो. चौथ्याने मोलाची माहिती दिली, की पंपवाले कॅनमध्ये देतच नाहीत. म्हणजे जड होतो म्हणून भरायचा नाही, वास येतो म्हणून भरायचा नाही आणि भरायचा म्हटला तर कुणी भरून देणार नाही, अशी ही वस्तू. जोडीची किंमत क्लॅम्पसकट चार हजार आठशे. भाच्याने ती हप्त्यांवर घेतली आहे.

गाडीची टाकी १५ लिटरची. लिटरला ३० किलोमीटर धरा, साडेचारशे झाले. आपल्याला जायचंय ३००. वाटेत कापूरहोळ, भोर, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई. या रस्त्यावर एक वेळ रस्ता मिळणार नाही, पेट्रोल मिळेल. अडचण कुणाला असेल तर ती माझ्या स्कूटरला, कारण तिच्या पोटात पाचच लिटर मावतात. तिला कॅन नाही.

या कॅनचा एक मूळ मुलूख आहे, हे मान्य. मनालीहून लेहला जाताना केलाँगच्या अलीकडे तांडी नावाचं ठिकाण लागतं, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावर. तिथल्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती पाटी वाचून ज्याने पहिल्यांदा गाडीला कॅन बांधला, तो शहाणा माणूस. त्याचा कॅन भरलेला होता. तिथून तो प्रघात खाली उतरत उतरत सिंहगडाच्या पायथ्याशी आला, आणि येता येता वाटेत कुठेतरी पेट्रोल सांडलं. हँडलला बांधायच्या रंगीत पताकांचंही तेच, पण पताकांचं मी काही बोलत नाही. त्या निदान वाऱ्याने हलतात. आणि हेल्मेट, जाड जॅकेट, गुडघ्याचे पॅड यांनाही हसणार नाही. पडलं तर हाडं वाचतात. कॅन काय वाचवतो, एवढंच विचारतोय.

कापूरहोळ सोडून भोरच्या रस्त्याला लागलो, तर मागून हॉर्न. दूधवाला. जुनी शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना दुधाच्या दोन-दोन किटल्या, पाचवी मागे आडवी बांधलेली, कानाला टॉवेल, पायात चप्पल, आणि त्या पायाने ब्रेक मारायची वेळ त्याच्यावर बहुतेक कधी आलेली नव्हती. किटल्यांच्या झाकणाखालून पांढऱ्या पिशव्यांची टोकं फडफडत होती. एका वळणावर आतल्या अंगाने त्याने आमच्या सहाही गाड्या मागे टाकल्या. त्याचं दूध हिंदकळलं नाही. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर शेरा मारला गेला म्हणे: “अनसेफ रायडर.” मला नंतर कळलं. मला इंटरकॉम नाही.

घाट सुंदर आहे, हे सांगायचं राहून जाईल. भोर सोडलं की नीरा देवघर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लपंडाव खेळत राहतं. मे महिन्यात ते खाली गेलेलं असतं आणि काठावर तांबड्या मातीचे पट्टे उरतात, आंघोळ झाल्यावर बादलीला राहतात तसे. पुढे वाघजाईचं देऊळ, भजी-चहाच्या टपऱ्या, माकडं, आणि समोर एकदम कोकण. टपरीवर पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं मिळाली. इथेच कावळ्या किल्ला आहे, आणि देवळाजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्यांनी ती खोदली त्यांना ठाऊक होतं, की या डोंगरावर राहायचं तर पावसाळ्यातलं पाणी मे महिन्यापर्यंत पुरवावं लागतं. मी भाच्याला म्हटलं, “टाकी बघायची का रे?” तो म्हणाला, “आत्ताच बघितली मामा, पाऊण आहे.”

घाट उतरल्यावर एका वाडीच्या फाट्याशी रस्ता अडलेला. दरड वाटली, पण होता टँकर. टँकरच्या मागे हंडे, कळशा, निळे ड्रम आणि कॅन ओळीने मांडलेले. तेलाचे पिवळट १५ लिटरचे कॅन, तोंडं कापलेली, कडी म्हणून तार ओवलेली, ज्याच्या त्याच्या नावाची खूण म्हणून कुणाची तांबडी चिंधी, कुणाची बांगडी. आमचा ताफा थांबला. एक म्हातारी ओळ सोडून आली आणि भाच्याच्या कॅनवर तिने बोटाच्या पेराने टकटक केली, कलिंगड बघतात तशी.

“रिकामा हाय न्हवं?”

“हो आजी.”

“मग बांधलाय कशापायी?”

भाचा इंजिनीअर आहे. पण याचं उत्तर त्याला आलं नाही. तो म्हणाला, “लागला तर असावा.” म्हातारी म्हणाली, “आमाला लागतोच की,” आणि आपल्या जागेवर गेली, कारण ओळ पुढे सरकली होती.

आता इथे विनोद करायला हवा, सदर विनोदी आहे. पण महाड-पोलादपूरकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वर महाबळेश्वरला ५,००० हून जास्त, यावर मला विनोद सुचत नाही. काळा कातळ, उभा उतार. पडलेलं पाणी काही तासांत ओढ्यातून सावित्रीला आणि सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला मिळतं. जुलैत याच वाड्यांच्या डोक्यावर दरडी येतात आणि एप्रिलपासून याच वाड्यांच्या दाराशी टँकर. दरवर्षी. दरवर्षी त्याला ‘टंचाई’ म्हणतात, जणू अचानक पाहुणे आले आणि साखर संपली. आराखडा होतो, आराखड्याची बैठक होते, बैठकीत टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची एक बाटली असते आणि ती अर्धीच पिऊन ठेवलेली असते. वाडीत नळाच्या तोट्या बसवलेल्या मी स्वतः बघितल्या. सिमेंटचा सुबक खांब, त्यावर चकचकीत तोटी, खांबावर योजनेचं नाव रंगवलेलं. तोटीत काही नाही. तोटीला कुलूप नव्हतं, एवढाच भाच्याच्या कॅनशी फरक. म्हणजे चार हजार आठशेची हौस करणारी पोरं निदान स्वतःच्या पैशाने रिकामी वस्तू मिरवतात. ज्यांनी आमच्या पैशाने गावोगाव रिकामे खांब उभे करून त्यांच्यासमोर नारळ फोडले, त्यांना आपण हार घालतो. नारळातच काय ते पाणी निघालं असेल. पहिल्या आषाढात हा सगळा प्रश्न वाहून जाईल आणि पुढच्या चैत्रात पुन्हा ओळीत उभा राहील, हातात कॅन घेऊन.

असो. टँकर हलला, आम्हीही हललो.

महाडला मी पेट्रोल भरलं, तेव्हा पाच मिनिटं गेली म्हणून ताफा नाराज झाला. राईडचा फ्लो तुटतो म्हणाले. पोलादपूरहून आंबेनळी चढताना प्रतापगड दिसला. १६५९ साली खानही वाईहून रडतोंडीच्या घाटाने भरपूर सरंजाम घेऊन जावळीत उतरला होता. नको तेवढं सामान घेऊन या मुलखात येणाऱ्यांचा इतिहास जुना आहे. महाबळेश्वरला मोटारींची रांग, पाचगणीला तीच रांग, पसरणीच्या वळणांवर ब्रेक दाबून दाबून डाव्या हाताची बोटं वाकडी झाली. वाईत मिसळ खाताना त्या सहा जणांनी दिवसभरातले फोटो एकमेकांना दाखवले. डोंगर होते, पण मागे, धूसर. पुढे स्पष्ट कॅन.

परवा ताईकडे गेलो होतो. त्यांच्याकडे गुरुवारी पाणी नव्हतं, आदल्या दिवशीच निरोप आलेला. तिने बादल्या भरल्या, पातेली भरली, आणि मुलगा आंघोळीला गेला असताना त्याच्या गळ्यातली किल्ली खुंटीवर दिसली, म्हणून खाली जाऊन दोन्ही कॅन सोडवून आणले, तीन वेळा घासून धुतले आणि मोरीत भरून ठेवले. भाचा केवढा चिडला! ते खास इंधनासाठी बनवलेले आहेत, आतलं कोटिंग गेलं तर, वगैरे. ताई म्हणाली, “अरे, रिकामेच होते ना?”

त्याने नवी जोडी मागवली आहे. या खेपेला लाल रंगाची, आणि क्रमांकाच्या कुलपाची. क्रमांक तो कुणाला सांगत नाही.