पडलेलं पान कोणाचं?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याच्या दारात झाड आहे, त्याला पुढचं काही समजावून सांगायची गरज नाही. ज्याच्या दारात नाही, त्याने दोन मिनिटं बसावं, चहा घ्यावा आणि शांतपणे ऐकावं. त्याच्या गाडीवर सावली पडते ती आमच्याच झाडाची.

विषय पालापाचोळ्याचा आहे. थंडी ओसरू लागली की बदाम लाल होतो आणि त्याची वीतभर लांब, जाड पानं गळायला लागतात. सकाळी अंगण झाडावं, तर दुपारी पुन्हा भरलेलं. गुलमोहराची पानं इतकी बारीक की खराट्याच्या हिरांमधून निसटून परत जागेवर बसतात. नारळाला तर ऋतूच नाही. महिन्याला साधारण एक झावळी तो टाकतोच, म्हणजे वर्षाला डझनभर. एकेक झावळी पंधरा फुटांच्या आसपास. ती मावेल असा डबा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आता या सगळ्याची विल्हेवाट लावायची कशी? मार्ग एकेक करून तपासू.

पहिला मार्ग जाळण्याचा. आपल्या आजोबांच्या काळी जुन्या ठाणे जिल्ह्यात शेतकरी राब भाजायचे, परसातला पाचोळा न्हाणीच्या चुलीखाली जायचा, प्रश्नच नव्हता. आज उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे पाच हजार रुपये दंड, आणि मोठा ढीग पेटवला तर पंचवीस हजार. हा दंड योग्यच आहे. हिवाळ्यात इमारतींच्या मधे धूर कसा साचतो आणि शेजारच्या दमेकऱ्याचं काय होतं, हे मी पाहिलं आहे. तेव्हा हा मार्ग बंद, आणि बंदच राहावा.

दुसरा मार्ग रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवण्याचा. घनकचरा नियम सांगतात की आपला कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकायचा नाही. हेही बरोबर. जूनच्या पहिल्या सरीत हाच पाचोळा गटाराच्या जाळीवर जाऊन बसतो. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी अनुभवला, त्यांना तुंबलेल्या गटाराचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसरा मार्ग कायदेशीर: कचऱ्याची गाडी. मी पोतं भरून, तोंड सुतळीने बांधून उभा राहिलो. गाडीवरच्या माणसाने पोत्यात हात घालून एक पान काढलं, उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं.

"काका, हे नाही घेता येत."

"ओल्यात टाका की."

"ओला म्हणजे स्वयंपाकघरातला."

"मग सुक्यात?"

"सुक्यात कागद, प्लास्टिक. हे झाडाचं आहे."

त्या माणसावर माझा राग नाही. त्याला दोन कप्पे दिलेत आणि माझ्या पोत्याला तिसरा कप्पा लागतो. त्याच घनकचरा नियमांत लिहिलं आहे की बागेतला कचरा प्रत्येकाने आपल्या आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्था वेळोवेळी देईल त्या निर्देशांनुसार त्याची विल्हेवाट लावावी. पहिली अट मी पूर्ण केली आहे. पोती जिन्याखाली साठवली आहेत आणि मी निर्देशांची वाट पाहतो आहे. दरम्यान पोत्यांना तळाशी ओल आली, गोगलगायी आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली.

चौथा मार्ग खाजगी टेम्पोचा. पैसे मोजले की माल लगेच उचलला जातो. पण तो खाली कुठे होतो, हे विचारलं की उत्तर येतं, "ते आमच्यावर सोडा." ते कोणावर सोडलं जातं, हे खाडीच्या कडेने एक फेरी मारली की दिसतं. म्हणजे जो गुन्हा स्वतः करायचा नाही, तो पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचा. माझं मन याला तयार होत नाही.

पाचवा मार्ग खताचा, आणि मनापासून सांगतो, हाच खरा मार्ग आहे. सुक्या पानात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त. थरावर थर दिले, शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडलं, मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागेल इतकंच पाणी ठेवलं आणि ढीग अधूनमधून वरखाली केला, तर काही महिन्यांत काळंभोर, मातीचा वास असलेलं खत हातात येतं. पण त्याला जागा लागते. आमच्याकडे जागेचा विषय सभेत निघाला की आधी पार्किंग येतं, मग साप येतात, मग वास येतो, आणि शेवटी 'पुढील सभेत विचार करू' असा ठराव होतो. झावळ्यांचे तर हीर खराट्याला काढून घेतले तरी जाड देठ उरतो. तो कुजायला वर्ष लागतं. त्याचे तुकडे करणारं यंत्र एका घराला परवडत नाही.

आता मूळ अन्यायाकडे येतो. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांचं जतन करणारा कायदा आहे. माझ्या अंगणातलं, मी पाणी घातलेलं झाड मला परवानगीशिवाय तोडता येत नाही. फांदी छाटायची तरी अर्ज, पाहणी, मंजुरी. घरपट्टीच्या बिलात वृक्ष उपकर असतो आणि तो दारात झाड नसलेलाही भरतो. हे सगळं मला मान्य आहे, कारण झाड सगळ्यांचं आहे. सावली रस्त्याची, हवा शहराची, पक्षी कोणाचेही. फक्त पान देठापासून सुटलं आणि जमिनीला टेकलं, की त्या क्षणी ते एकट्या माझं होतं. झाड सार्वजनिक आणि पाचोळा खाजगी, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली? याचा परिणाम साधा आहे. लोक झाड लावायला कचरतात आणि अंगणात फरशी घालून घेतात.

आणि ही शिक्षा कोणाला? कचऱ्याची किंमत आधीच मोजलेल्या शहरांना. आधारवाडीच्या ढिगाला लागणाऱ्या आगींचा धूर कल्याणने वर्षानुवर्षं खाल्ला. कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या. २०२० पासून घरोघरी ओला-सुका वेगळा होऊ लागला आणि मे २०२१ मध्ये आधारवाडी बंद झाली. ठाण्याचा दिव्यातला ढीग २०२३ मध्ये बंद झाला. कल्याणच्या बदलात नागरिकांच्या दोन डब्यांचा मोठा वाटा होता. जी माणसं दोन डबे शिकली, ती तिसरं पोतं आनंदाने भरतील.

घेणाऱ्यांचीही वाण नाही. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये 'ब्राऊन लीफ' सुरू केलं. ज्यांच्याकडे सुकी पानं आहेत आणि ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी ती हवी आहेत, अशांची गाठ घालून दिली आणि पोतीच्या पोती योग्य घरी पोहोचली. त्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना आणि गच्चीवाल्यांना हेच शिकवलं की पालापाचोळा ही संपत्ती आहे. आपल्याकडेही गच्च्या आहेत, कुंड्या आहेत आणि तासाभरावर मुरबाड-शहापूरची शेतं आहेत, जिथे हेच पान आच्छादन म्हणून मातीची ओल धरून ठेवील.

म्हणून मागणी मोजकी आहे. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक ठरलेला वार, पाचोळ्यासाठी वेगळी गाडी, झावळ्या-फांद्यांचे तुकडे करणारं एक यंत्र आणि तयार खतातला वाटा उद्यानांना, शाळांना, मागेल त्या रहिवाशाला. खर्चासाठी नवा कर नको, वृक्ष उपकर आम्ही भरतोच. त्याच बिलाच्या मागच्या बाजूला वार आणि वेळ छापा. निर्देश ते एवढेच हवेत. ते मिळाले की एकही पान गटारात जाणार नाही, याची हमी या पट्ट्यातला प्रत्येक झाडवाला देईल.