दोन फाइलींतल्या मॉडेलांची सोयरीक कशी जुळवावी

इच्छुकांनी सर्वप्रथम ग्राहक आणि ऑर्डर हे दोन क्लास दोन वेगळ्या फाइलींत घालावेत. एका फाइलीत ते सुखाने नांदत असतील तर वेगळं करायला तेवढं कारण पुरे. याला आर्किटेक्चर म्हणतात. मग पहिल्या फाइलीच्या माथ्यावर दुसरीचा इम्पोर्ट, दुसरीच्या माथ्यावर पहिलीचा.

आता प्रोग्राम चालवावा. पायथन पहिली फाइल वाचू लागतो, इम्पोर्ट दिसताच ती अर्धी टाकून दुसरीकडे वळतो. दुसरी त्याला पहिलीकडे पिटाळते. तिथे ग्राहक अजून जन्मलेलाच नसतो. पंगतीत ‘आधी तुम्ही बसा’ म्हणत दोघेही उपाशी राहावेत, तसं हे. ३.८ पासून एररमध्येच ‘बहुधा चक्राकार इम्पोर्ट’ असं छापून येतं. ‘बहुधा’ हा केवळ शिष्टाचार.

काही साधक इम्पोर्ट फंक्शनच्या पोटात लपवतात. पण नातं क्लासच्या अंगातच लिहायचं असल्याने इथे ती चलाखी चालत नाही.

खरा उपाय लाजिरवाणा सोपा आहे. एसक्यूएलअल्केमीत रिलेशनशिपला क्लास देऊ नये, त्याचं नाव अवतरणचिन्हांत द्यावं. फॉरेन कीला मात्र टेबलचं नाव, टिंब, कॉलम. या दोन्हींची अदलाबदल करून एक संध्याकाळ घालवणं अभ्यासक्रमात धरलेलं आहे. जँगोत अ‍ॅपचं नाव, टिंब, मॉडेल. टाइप हिंटसाठी इम्पोर्ट हवाच असेल, तर तो ‘टाइप चेकिंग’च्या अटीखाली ठेवावा, चालत्या प्रोग्रामात ती अट कधीच खरी होत नाही.

एसक्यूएलअल्केमीत अवतरणचिन्हांतल्या त्या नावाचा क्लास शोधला जातो तो मॅपर पहिल्यांदा वापरात येतात तेव्हा. तोवर ऑर्डरची फाइल कुणी इम्पोर्टच केलेली नसेल, तर असा कुणी इसम आढळत नाही, असं उत्तर मिळतं. दोन फाइलींनी आपापला वेगळा बेस क्लास काढला असेल तरी तेच. दोघांच्या नोंदवह्याच निराळ्या. म्हणून बेस एकच ठेवावा आणि सगळी मॉडेलं पॅकेजच्या इनिट फाइलीत एकदा इम्पोर्ट करावीत.

हे इम्पोर्ट दिसायला बिनकामाचे असतात. लिंटर तक्रार करतो, आणि टीममधला एखादा टापटिपीचा सद्गृहस्थ शुक्रवारी संध्याकाळी ते पुसून टाकतो. टेस्ट पास होतात, कारण टेस्टच्या फाइली सगळी मॉडेलं स्वतःच इम्पोर्ट करतात; बोंब थेट प्रॉडक्शनवर. तेव्हा त्या ओळींशेजारी ‘काढू नये’ अशी कॉमेंट लिहावी. कारणही लिहावं, नाहीतर सद्गृहस्थ आधी कॉमेंट काढतील.