‘काही कमी पडायला नको’ म्हणणाऱ्या यजमानांस

श्री. यजमान यांस,


तुमच्या मुलीचं लग्न थाटात झालं. हे पत्र अभिनंदनाचं नाही. लॉनच्या मागच्या अंगाला, जिथे पाहुण्यांची पावलं वळत नाहीत, तिथे दुपारी चारनंतर निळ्या पिंपांत जे ओतलं जात होतं, त्याबद्दल लिहिते आहे. मसालेभात, पुऱ्या, पनीरची भाजी, पास्ता, अर्धे खाल्लेले गुलाबजाम आणि वर श्रीखंड, सगळं एकाच पिंपात. या अन्नाचे पैसे तुम्ही मोजलेत. मग त्या पिंपाचे मालकही तुम्हीच, आणि पत्रही तुम्हालाच.

तुम्ही म्हणाल, ताटात टाकलं ते पाहुण्यांनी, माझा काय दोष? कार्यालयाच्या भिंतीवरची पाटीही हेच सांगते: हवं तेवढंच घ्या, अन्न टाकू नका. ही पाटी जेवणाऱ्याला उपदेश करते. केटररसमोर बसून मेनू ठरवणाऱ्याच्या डोक्यावर मात्र कोणी पाटी लावत नाही. आणि अन्न वाया जाणार हे नक्की होतं ते तिथेच, लग्नाच्या दोन महिने आधी.

त्या बैठकीत काय झालं असेल, हे मला तिथे नसूनही सांगता येतं, कारण ती सगळीकडे सारखीच होते. तुम्ही पत्रिका छापल्या दोन हजार. प्रत्येकीवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’. कोण येणार, किती जण येणार, हे एकालाही विचारलं नाहीत. विचारणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं तुमच्या घरात मानतात. मग अंदाजाने दीड हजार पानं सांगितलीत आणि उठताना म्हणालात, “काही कमी पडायला नको.” केटरर मुरलेला माणूस. जेवण उरलं तर कोणी त्याला बोलत नाही, पण कमी पडलं तर चार गावांत त्याचं नाव जातं, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने तुमच्या आकड्यावर आपला आकडा चढवला. तुमची भीती आणि त्यावर त्याची भीती, दोन्ही शिजल्या. माणसं आली त्याहून बरीच कमी.

आणि ते पदार्थ! वरण-भात, एक उसळ, एक भाजी, कोशिंबीर, पोळी आणि एक गोड एवढं असतं तेव्हा कशाला किती लागेल हे जुना आचारी डोळे मिटून सांगतो. तुम्ही पदार्थांची तिशी ओलांडलीत. चाट, डोसा, चायनीज, पास्ता, तीन भाज्या, चार गोडं. पदार्थ वाढले म्हणून माणसाचं पोट वाढत नाही. पण लोक कशावर तुटून पडतील हे आता कोणालाच सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक पदार्थ जवळजवळ सगळ्यांना पुरेल एवढा करावा लागतो. तिसावा पदार्थ आपल्याबरोबर आधीच्या एकोणतीस पदार्थांचंही उरणं वाढवतो. बुफेचा हा हिशेब तुम्हाला कळत नाही, असं मी मानत नाही. स्वतःच्या दुकानात तुम्ही असा माल कधी भरला नसता.

वेळेचंही तेच. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा होता. त्याआधी डीजेपुढे वरात रेंगाळली. मग व्यासपीठावरच्या मान्यवरांचे शुभाशीर्वाद सुरू झाले. आमदारांना पुढच्या लग्नाला जायचं होतं, तरीही ते बोलले. अक्षता पडल्या तेव्हा दोन वाजत आले होते. भुकेने कासावीस झालेली शेकडो माणसं एकदम रांगेत घुसली, आणि पुन्हा या गर्दीत उभं राहायला नको म्हणून जे दिसेल ते एकदाच ताटात भरून घेऊ लागली. लहान मुलांच्या हातातही मोठ्यांचीच ताटं. त्या ताटांतलं उष्टं पाहुण्यांच्या हावरेपणाने उरलं असं म्हणणं सोपं आहे. त्यांना तसं वागायला भाग पाडणारी दुपार तुम्ही आखली होती.

पंगतीच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यांतली मी नाही, हेही इथे सांगते. पंगतीतही हाताने पान झाकलेल्या माणसाच्या बोटांवर जिलेबी ठेवणारे आग्रही लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पंगत असो की बुफे, मूळ दुखणं एकच. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटलेलं यजमानाला ऐकायचं नसतं.

तुमच्या घरात मात्र अन्न जपलं जातं. रात्रीचा भात उरला तर सकाळी त्याला फोडणी बसते. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो. डाळीचं शेवटचं वाटीभर वरण पिठात मळून थालीपीठ निघतं. तुमच्या घरातल्या बायका हे वर्षानुवर्षं करत आल्या आणि तुम्ही चवीने खात आलात. घरात भाताचं शीत जपणारा माणूस लॉनवर एका दुपारी पिंपंच्या पिंपं भरून टाकतो, तेव्हा त्याला काय होतं?

मला वाटतं, मला ते थोडं कळतं. तुम्ही साठीच्या आसपासचे. 1972च्या दुष्काळात तुम्ही शाळकरी पोर असाल. महाराष्ट्रातली लाखो माणसं तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. लोकांनी सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. ज्या घरांनी ते दिवस काढले त्यांच्यात भरलेल्या टोपाचं अप्रूप राहणारच. दारी आलेला माणूस उपाशी जाऊ नये, ही तुमच्या आईवडिलांची भीती खरी होती. ती भुकेतून आली होती, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. तुमची भीती वेगळी आहे. तुम्हाला कोणी उपाशी राहील याची काळजी नव्हती. व्याही काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, शेजारच्या लॉनवर गेल्या आठवड्यात किती स्टॉल होते, याची होती. आईवडिलांच्या भुकेचं नाव पुढे करून तुम्ही प्रतिष्ठा विकत घेतलीत, हा माझा तुमच्यावरचा मुख्य आरोप आहे.

तुमच्या दुकानात गाडगेबाबांचा फोटो आहे, हार घातलेला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण घालायला त्यांनी नकार दिला आणि साधं गोडाचं जेवण घातलं. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, असं ते गावोगावच्या कीर्तनांत बजावत फिरले. भुकेल्यांसाठी मात्र त्यांनी अन्नाची सोय उभी केली. भावकी त्यांनाही होती.

आता तांदळाचा हिशेब. तुम्ही अंदाजलेल्या दीड हजार माणसांसाठी अक्षता म्हणून प्रत्येकी पन्नास ग्रॅम तांदूळ धरला तरी तो 75 किलो होतो. रंगवलेला, डोक्यांवरून उडवलेला, मग चपलांखाली गेलेला. पिंपातला मसालेभात वेगळा. जगाची सरासरी धरली तर एक किलो तांदळामागे सुमारे 2,500 लिटर पाणी खर्ची पडतं. त्यात शेतावर पडलेला पाऊसही मोजलेला असतो, म्हणून ते नळाच्या पाण्याशी जसंच्या तसं तोलता येत नाही, हे मान्य. तरीही एक आठवण करून देते. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तिच्याकडे देशाचे डोळे लागले होते. या हिशेबाने ते पाणी म्हणजे फक्त 200 किलो तांदूळ. अक्षता आणि भात मिळून एवढा तांदूळ मातीत जायला किती लग्नं लागतात, हे तुमचा केटरर बोटांवर सांगेल. आणि आपली कितीतरी लग्नं होतात ती एप्रिल-मे महिन्यांत, गावात टँकर येत असताना.

हे तुमच्या एकट्याच्या दारातलं नाही. काही वर्षांपूर्वी बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी शहरातल्या मंगल कार्यालयांची पाहणी केली. त्या एका शहरात लग्नांतून वर्षाला 943 टन चांगलं अन्न वाया जातं, असा त्यांचा अंदाज निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024चा अहवाल सांगतो की 2022 या वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. दुकानांत, हॉटेलांत, घरांत ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याच जगात, तोच अहवाल म्हणतो, 78 कोटींपर्यंत माणसं उपाशी होती. तुमचं पिंप नंतर कचरा डेपोवर जातं. तिथे ढिगाखाली हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन निघतो. तो वातावरण तापवतो आणि डेपोच्या आगींना खाद्य पुरवतो. धूर खातात ते डेपोशेजारच्या वस्तीतले लोक, ज्यांना तुमची पत्रिका गेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, उरलेलं अनाथाश्रमाला द्यायला सांगितलं होतं. सांगितलं होतंत, पण केव्हा? शेवटचा पाहुणा उठल्यावर. तोवर मे महिन्याच्या उन्हात पनीर आंबलं होतं. मुंबईत रोटी बँक आहे, अनेक शहरांत रॉबिनहूड आर्मीचे स्वयंसेवक आहेत, आणि उरलेल्या चांगल्या अन्नाचं वाटप कसं करावं याचे नियम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019मध्येच केले आहेत. या मंडळींना आदल्या दिवशी फोन हवा असतो. न वाढलेलं अन्न काउंटरवर न मांडता, झाकून, वाफाळतं गरम ठेवलं तरच ते दुसऱ्याच्या पानात जाऊ शकतं. चार तास उघड्यावर राहिलेली भाजी गरिबाच्या मुलाला देणं हे दान नव्हे. त्याचंही पोट बिघडतं. आणि वाटपाची ही सोय आहे म्हणून जास्त शिजवायला मोकळीक मिळते, असंही समजू नका. न शिजवलेला तांदूळ पोत्यात टिकतो, शिजवलेला संध्याकाळपर्यंतही नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. भांडी घासणाऱ्या बायका आणि वाढपी पोरं सकाळी सहापासून राबत होती. त्यांना जेवण मिळालं ते सगळ्यात शेवटी, टोपांच्या तळाचं. इतकं अन्न असताना त्यांच्यासाठी अकरा वाजता एक पंगत बसवावी, हे घरातल्या एकालाही सुचलं नाही. अन्नाचा मान राखणं इथून सुरू होतं.

आता धाकट्याचं लग्न ठरतंय असं ऐकते. तर या वेळी पत्रिकेबरोबर घरातल्या दोन मुलांना फोनवर बसवा आणि प्रत्येक घरी विचारा, किती जण येणार? कोणी रागावलं तर माझं नाव सांगा. केटररला तोंडावर सांगा की शेवटच्या पंधरा मिनिटांत एखादा पदार्थ संपला तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही, आणि हे लिहून द्या, कारण तोंडी सांगितलेलं त्याला खरं वाटणार नाही. सात-आठ पदार्थ ठेवा, पण असे की लोक परत मागून घेतील. ताटं लहान ठेवा. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या द्या. मान्यवरांना हात जोडून खुर्चीवर बसवा आणि माईक भटजींकडेच राहू द्या. अन्न वाटणाऱ्या संस्थेच्या माणसाला आदल्या दिवशी फोन करा, आणि त्यांची गाडी आली की गेटवर तिला कोणी अडवणार नाही एवढं बघा.

माझ्याकडूनही शब्द देते. पत्रिका मिळाली की येणार की नाही हे आठ दिवस आधी कळवीन. चौघं म्हटलं तर चौघंच येऊ, आणि येणं रद्द झालं तर त्याच दिवशी फोन करीन.

आपली,
लग्नाला आलेली एक पाहुणी