निळ्या तोंडाच्या केबलच्या कर्त्यास खुलं पत्र

महाशय,

नमस्कार लिहीत नाही. केबलच्या पाकिटावर तुम्ही नाव छापलं नाहीत, पत्ताही नाही, म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर लिहावं लागतंय.

पत्रास कारण तुमची दीड फुटी यूएसबी ३.० केबल. हार्डडिस्कसाठी रत्नागिरीच्या बाजारातून घेतली. तिच्यापायी मी तीन आठवडे निरपराधांना दोषी धरलं. त्यातला एक अकरा वर्षांचा आहे.

ताई आणि मी नव्वदीच्या दशकात टीव्ही गेम खेळत वाढलो. घरात समुराईचा डबा होता. कॅसेट फुंकर मारून बसवायची आणि ओटीवर मांडी ठोकून काँट्रा खेळायचं. यंदा ताई गणपतीला मुलाला घेऊन येणार म्हटल्यावर ठरवलं, तो डबा पुन्हा उभा करायचा. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेतला, त्यावर जुने खेळ चालवणारं रेट्रोपाय चढवलं, जुन्या कपाटाच्या फणसाच्या फळ्या कापून पेटी केली. धातूची पेटी मुद्दाम टाळली, कारण पायचा अँटेना पाटीवरच असतो आणि धातू लहरी अडवतो. दोन बिनतारी, ब्लूटूथवर चालणारे पॅड जोडले. खेळ हार्डडिस्कवर, आणि डिस्क तुमच्या केबलवर.

जवळ बसलं की पॅड चालायचा. झोपाळ्यावर जाऊन बसलं, म्हणजे जेमतेम दहा फूट, की तुटायचा. काँट्राचा धबधब्याचा टप्पा तुम्ही खेळला असाल तर कळेल. तिथं दोघांनी बरोबर वर चढायचं असतं. एक पुढं गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. भाच्याचा पॅड नेमका तिथं तुटायचा. चौथ्या वेळी मी त्याच्यावर ओरडलो, की तूच जोडणीचं बटण दाबतोस. त्यानं पॅड खाली ठेवला आणि पडवीत जाऊन पाऊस बघत बसला. आरतीला आला, पण माझ्याशी बोलला नाही.

आधी संशय विजेवर गेला. तो रास्तही होता, कारण पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह लुकलुकत होतं. पाय ४ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, मी मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. नीट अडॅप्टर आणला, चिन्ह गेलं. पॅड तुटतच राहिला.

मग भिंत. आमचं घर चिऱ्याचं, भिंती जाड, त्यात भाद्रपदातली ओल. ओला जांभा लहरी शोषतो हे खरं आहे. राउटर माजघरात, पेटी ओटीवर, आणि वायफाय रडतखडत चालायचं. पण पॅड आणि पेटी एकाच खोलीत होते, त्यांच्यामध्ये भिंत नव्हतीच. हे लक्षात यायला मला आठ दिवस लागले. रागावलेला माणूस नीट बघत नाही.

वायफायसाठी देश निवडायचा राहिलाय का, तेही पाहिलं, कारण तो निवडला नाही तर पाय वायफाय बंदच ठेवतो. भारत निवडलेला होता. शेजाऱ्यांच्या राउटरवर शंका घेतली, आमचा वाहिनी क्रमांक १, ६, ११ असा फिरवून पाहिला. फरक शून्य.

उलगडा झाला तो अपघातानं. राउटर उचलून ओटीवर आणला आणि पायला ५ गिगाहर्ट्झवर जोडलं. वायफाय लख्ख. पॅड मात्र तसाच आजारी. म्हणजे दुखणं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात होतं, आणि ब्लूटूथला त्या पट्ट्याबाहेर जागाच नाही. त्यातल्या ७९ वाटांवरून ते सेकंदाला १६०० उड्या मारत चालतं. एखादी वाट बिघडली तर ती टाळून दुसरी धरतं. सगळ्याच वाटांवर कल्लोळ असेल तर बिचाऱ्यानं जायचं कुठं?

आणि तो कल्लोळ पॅडपाशी नव्हता, पायच्या अँटेनाच्या अगदी कानाशी होता. कळलं ते असं: मी डिस्क काढली, खेळ मेमरी कार्डावर घेतले. पॅड झोपाळ्यावरून चालला, अंगणातून चालला. डिस्क पुन्हा निळ्या भोकात लावली, तुटला. काळ्या, म्हणजे यूएसबी २.०च्या भोकात लावली, चालला. रात्री साडेअकरा वाजता मी हे सहा वेळा करून पाहिलं.

यूएसबी ३.०वरून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. त्या धावपळीचा रेडिओ गोंगाट एका जागी राहत नाही, रुंद पसरतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या मधोमध येतो. इंटेल कंपनीनं २०१२ साली हे मोजून, छापून ठेवलं आहे. उपायही त्यातच आहे: केबलला आणि जोडणीला नीट धातूचं कवच द्या. तेव्हा हे गुपित नाही. तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक नसणं शक्य नाही, आणि ठाऊक नसेल तर हा धंदा करू नका.

मी तुमची केबल उभी कापली. आत तारा होत्या, पातळ चंदेरी कागद होता, बाहेरची विणलेली जाळी नव्हती. तो कागदही तोंडाच्या धातूला कुठं जोडलेला नव्हता. तुम्ही तांब्याची जाळी वाचवलीत आणि गोंगाट आमच्या घरात सोडलात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आपल्या सरकारनं कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. तो गावच्या पाणवठ्यासारखा आहे. पॅड, राउटर, माउस, कानातले हेडफोन, सगळे तिथंच पाणी भरतात. तिथं घाण सोडणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत असेल.

माझं मागणं मोठं नाही. जाळी घाला. ती परवडत नसेल तर पाकिटावर एवढं तरी छापा: बिनतारी उपकरण तुटत असेल तर डिस्क दूर ठेवा, किंवा काळ्या भोकात लावून पाहा. ही ओळ पाकिटावर असती तर माझे तीन आठवडे वाचले असते, आणि भाचा विसर्जनाच्या आदल्या दिवशी माझ्याशी अबोला धरून गाडीत बसला नसता.

आता डिस्क कवच असलेल्या केबलवर आहे, पेटीपासून हातभर लांब. काल रात्री भाच्याला फोन लावला आणि सांगितलं, चूक तुझी नव्हती, माझं चुकलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, "मामा, मग दिवाळीत धबधबा चढायचा?"

रत्नागिरीहून,
एक मामा