आठ मीटरच्या चौकात फोर बाय फोर

अहो वहिनी, ते कपडे राहू देत दोरीवर, आधी इकडे भिंतीशी या. मोठी गाडी येतेय म्हणे तुमच्याकडे? काल भाऊजी टेप घेऊन चौक मोजत होते, तेव्हाच मी ओळखलं. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी आपलं हे आर्टिस्ट व्हिलेज आखलं, ती 1983 च्या आसपासची गोष्ट. सात घरांमध्ये मिळून आठ मीटरचा चौक ठेवला. त्यात कुणी एसयूव्ही वळवेल असं त्यांच्या ध्यानीमनी तरी असेल का?

आणि फोर बाय फोरच हवी म्हणतात? बरं, पण त्यातली कुठली? चारही चाकांना कायम जोर देणारी, की लिव्हर टाकून हवी तेव्हा जोडायची? अशा बघू नका, माझा भाऊ गॅरेजवाला आहे. माहेरी वरणभाताबरोबर ट्रान्सफर केस वाढतात.

पलीकडच्या चौकातल्या मुलाचं कळलं ना? नवी गाडी आल्यापासून पठ्ठ्या ‘फोर हाय’ टाकूनच पाम बीच रोडला मिरवायचा. कोरड्या डांबरावर! अहो, लिव्हरवाल्या जातीत फोर हाय टाकलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधला जातो. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची आतून येतात. हा फरक चिखलात चाक जरा घसरून भरून निघतो, पण डांबर घसरू देईल तर ना! संध्याकाळी चौकात गाडी वळवायला घेतली, तर स्टिअरिंग जड, टायर करकरतायत, गाडी गचके खातेय. घाबरून लिव्हर ओढला, तर तोही निघेना. मी इथूनच ओरडले, ‘अरे, जरा रिव्हर्स घे!’ दोन हात मागे गेली, ताण उतरला आणि लिव्हर सुटला.

कायमच्या जोडणीत ही भानगड नसते. मध्ये आणखी एक डिफरन्शियल बसवलेलं असतं, ते पुढच्यामागच्या वेगाचा हिशेब जुळवतं. 2009 साली फॉर्च्युनर आपल्याकडे आली ती अशीच होती. बसा आणि चालवा. पण ते ओझं बारा महिने फिरवायचं म्हटल्यावर डिझेल पिणारच. 2016 च्या नव्या फॉर्च्युनरला हवी तेव्हा जोडायची सोय आली. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन यांचे फोर बाय फोरही त्याच पंगतीतले. शिवाय एक्सयूव्ही 700 च्या एडब्ल्यूडीसारखी तिसरी जात आहे: एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरू लागली की मागच्यांना आपोआप जोर मिळतो.

माळशेज घाटात पावसात कसं असतं? एका वळणावर पाणी, पुढच्यावर डांबर कोरडं. तिथे लिव्हर टाकू की काढू, यातच माणूस दमतो. त्या घाटांसाठी मला विचाराल तर आपोआपवालीच बरी. ब्रेक मात्र कुठल्याच जातीत लवकर लागत नाही हं, तिथे शेवटी टायरच कामाचे. आणि चार चाकं म्हणून समुद्रातही जाता येत नाही! 2024 च्या जूनमध्ये कच्छच्या मुंद्र्याला दोन थार लाटांत रुतल्या आणि वर पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

आता तुमचं. कर्जतच्या प्लॉटचा शेवटचा चढ नुसता चिखल. गेल्या श्रावणात ट्रॅक्टरनं ओढून काढली ना गाडी? तिथे ‘फोर लो’ हवा. चाकांवरचा जोर वाढतो आणि गाडी मुंगीच्या पावलानं वर चढते. आपोआपवाल्यांत तो बहुतेक नसतोच. म्हणून तुम्ही आपली लिव्हरवालीच घ्या. महिन्यातून दोनदा चिखल, बाकी सगळं डांबर. त्यासाठी रोज चार चाकांना कशाला राबवायचं?

फक्त भाऊजींना सांगा, नुसतं ‘थार’ वाचून बुकिंग करू नका. 2023 च्या जानेवारीपासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही थार मिळते. दिसायला तीच, म्हणून पावतीवर फोर बाय फोर लिहिलंय ना ते बघूनच पैसे भरा. आणि प्लॉटवरून निघून डांबराला लागलात की आधी टू हाय, म्हणजे दोनच चाकांवर.