मे महिन्यातील सर्वांत हिरवा प्राणी

विदर्भातील शुष्क पानझडी अरण्यात, म्हणजे उन्हाळा लागताच झाडे पाने टाकून मोकळी होतात अशा अरण्यात, आढळणाऱ्या एका सस्तन प्राण्याची नोंद अद्याप कोणत्याही सूचीत झालेली नाही, ही निसर्ग-अभ्यासातील मोठीच उणीव म्हटली पाहिजे. हा प्राणी कळपाने राहतो, सूर्योदयापूर्वी आणि भर दुपारी असा दिवसातून दोन वेळा प्रवेशद्वारापाशी गोळा होतो, उघड्या जिप्सीत सहा-सहाच्या गटाने बसतो आणि नखशिखान्त हिरव्या, तपकिरी व काळ्या ठिगळांनी मढलेला असतो. या ठिगळांच्या नक्षीला दुकानदार ‘मिलिटरी प्रिंट’ म्हणतात. सदरा, अनेक खिशांची पँट, गोल टोपी आणि गळ्याभोवतीची पट्टी एवढ्यावर न थांबता ही नक्षी आता पाण्याची बाटली, पाठपिशवी आणि कॅमेऱ्याच्या हातभर लेन्सची खोळ येथपर्यंत पोहोचलेली आहे. या प्राण्याचे उर्वरित वर्तन वाचकांच्या परिचयाचे आहे, कारण प्रत्येक कुटुंबात असा एक मेहुणा असतोच. म्हणून त्याचा विस्तार न करता प्रस्तुत विवेचन केवळ वेशभूषेपुरते मर्यादित ठेवले आहे.

छद्मावरण म्हणजे परिसराच्या रंगरूपात मिसळून जाऊन दुसऱ्याच्या नजरेस न पडण्याची युक्ती. निसर्गात ती फार जुनी असली, तरी सैन्यांनी ती पद्धतशीरपणे उचलली पहिल्या महायुद्धात. १९१५ च्या सुमारास तोफा आणि मोर्चे झाकण्यासाठी चित्रकारांनाच कामाला जुंपण्यात आले. यावरून एवढे स्पष्ट होते, की छद्मावरणास दोन पक्ष लागतात: एक लपणारा आणि दुसरा, ज्याच्यापासून लपायचे तो. सैनिक शत्रूपासून लपतो, वाघ चितळापासून लपतो आणि चितळाचे पाडस वाघापासून. सफारीला निघालेला गृहस्थ नेमका कोणापासून लपतो, हा प्रश्न पोशाखाची किंमत पाहता दुकानातच विचारला जायला हवा होता.

तो वाघापासून लपतो, हे उत्तर प्रथमदर्शनी सुचते. परंतु ते टिकत नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये घोषित झाले, पुढे शेजारच्या अंधारी अभयारण्यासह तेथे व्याघ्र प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच्या सुमारे ६२५ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रापैकी, म्हणजे माणसाच्या वावरापासून शक्यतो मुक्त ठेवावयाच्या मूळ वनापैकी, जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन चालावे, असे २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ज्या वाघाला माणूस नकोसा वाटतो त्याच्यासाठी उरलेले रान मोकळे आहे. रस्त्यावर येऊन बसणारी वाघीण मात्र आईच्या मागे चालू लागल्यापासून जिप्सीचा आवाज ऐकत वाढलेली असते. तिला इंजिन कळते, अत्तर कळते, चिवड्याची पुडी फोडल्याचा आवाजही कळतो. तिच्यापासून सदऱ्याच्या नक्षीने लपू पाहणे हे वरातीच्या घोड्यावर बसलेल्या नवरदेवाने कोणी ओळखू नये म्हणून काळा चष्मा लावण्यासारखे आहे.

रंगाचा हिशेबही उलटाच लागतो. हरिणवर्गाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसाच्या डोळ्यांत त्या तीन प्रकारच्या. त्यामुळे माणसाला ठळक नारिंगी दिसणारा वाघ चितळाला गवतात विरून गेलेला वाटतो. मार्जारकुळालाही लाल-हिरव्यातील भेद फारसा उमगत नाही. म्हणजे नारिंगी वाघ नारिंगीच दिसण्याची सोय अरण्यातील ज्या मोजक्या सस्तन प्राण्यांना लाभली आहे, त्यांत पर्यटक मोडतो. (वानरेही त्यात येतात, आणि वाघाची वार्ता झाडावरून अनेकदा तीच देतात, तथापि त्यांनी टोपी घेतल्याचे आढळलेले नाही.) अशा डोळ्यांचा धनी स्वतःला हिरवे रंगवून घेतो, आणि तेही ज्याला हिरवे आणि तांबडे यांतला फरक धड कळत नाही त्याला फसविण्यासाठी.

पण खरी गंमत त्या हिरव्यातच आहे. बाजारातील ही नक्षी बहुतांशी थंड प्रदेशांतील गर्द वनराईच्या धर्तीवर बेतलेली असते, आणि पर्यटकांची झुंबड उडते ती एप्रिल-मेमध्ये, कारण पाणवठे आटल्यामुळे उरलेल्या पाण्याशी वाघ येण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. त्या दिवसांत ताडोबाच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, साग निष्पर्ण होतो, बांबूच्या बेटांना वाळल्या पेंढ्याचा रंग येतो, गवत करपून जाते आणि पांढुरक्या खोडामुळे भुताचे झाड म्हणून ओळखला जाणारा कांडोळ उघडाबोडका उभा असतो. पाण्याकाठचे जांभूळ आणि अर्जुन वगळता नजर पोहोचेल तेथवर हिरवी अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे जिप्सीतील पर्यटक. वीस जिप्सी एका पाणवठ्यावर जमल्या, तर सहाच्या हिशेबाने एकशेवीस हिरव्या आकृत्या एका जागी होतात. माणसापेक्षाही अधिक रंग जाणणाऱ्या पोपटांचा थवा वरून चालला असता खाली ऐन वैशाखात पालवी फुटल्याचा त्याला भास झाला, तर पोपटांना दोष देता येणार नाही. एका वाघाभोवती गाड्या अशा दाटण्याच्या स्थितीस वाहतूक कोंडीच्या चालीवर वाघकोंडी म्हणावे. वाघीण रस्त्यात असते, तिच्या पुढे दहा गाड्या असतात आणि मागे दहा. ती चालू लागली की पुढच्या दहा गाड्या उलट्या पळू लागतात, कारण छायाचित्रात वाघ कॅमेऱ्याच्या रोखाने चालत आलेला हवा असतो. यास ‘हेड-ऑन’ म्हणतात, आणि पाठमोरा वाघ या मंडळींत वाघ म्हणून धरलाच जात नाही. उलट्या पळणाऱ्या गाड्यांत उभे राहिलेले छद्मवेशधारी एकमेकांच्या टोप्यांवरून लेन्स पुढे सारत ‘ओ टोपी, खाली बसा’, ‘अहो, गाडी जरा तिरकी घ्या ना’ असे कुजबुजत असतात, आणि एकशेवीस माणसांची कुजबुज ही एसटी स्टँडवरील गलक्याहून निराळी ओळखता येत नाही. अशात एका मुलाला शू लागलेली असते, एका आजींना ‘कुठाय रे? तो पिवळा धोंडा का?’ हा प्रश्न सुटलेला नसतो, आणि अदृश्य होण्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजलेला गृहस्थ मागच्या आसनावर चढून, दांडीला एका हाताने लोंबकळत, सर्वांहून उंच झालेला असतो. वन्यप्राण्याला छळणे वा डिवचणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या बाळंतिणीची वाट दोन्ही बाजूंनी अडविणे छळात मोडत नाही, असा समज मात्र कोणत्या कलमावरून झाला, ते शोधूनही सापडत नाही.

वाघाखेरीज इतरांपासून लपण्याची शक्यता राहते, परंतु इतरांकडे पाहण्यास या मंडळींना सवडच नसते. रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला तरी ‘कुत्री आहेत’ म्हणून गाडी पुढे काढली जाते. जगातील प्रौढ रानकुत्र्यांची संख्या भारतातील वाघांच्या संख्येहूनही कमी असावी, असा अंदाज आहे. अस्वल, गवा, चार शिंगांचा चौसिंगा, ताडोबा तलावातील मगर हे सारे वाटेत लागलेले किरकोळ गाव. गाइड गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगतो, तेव्हा त्याला ‘कॉल’ ऐकायचा असतो. कॉल म्हणजे वाघ वा बिबट्या जवळपास असल्याची वार्ता देणारी भेदरलेल्या जनावराची हाक. चितळ पुष्कळदा उगाचच घाबरते, सांबर सहसा खोटे बोलत नाही, हा त्या धंद्यातील साधा अनुभव आहे, आणि अशा चार गोष्टी ऐकत गेलेली सकाळ वाघ न दिसताही भरून येते. परंतु गाइडचे वाक्य पुरे होण्याच्या आत मागून ‘इथे काय आहे? पुढे चला’ अशी आज्ञा होते. ताडोबात मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे पोशाखाची छायाचित्रे प्रवेशद्वारावरच उरकावी लागतात. तेथे, डांबरी रस्ता, चहाची टपरी आणि पार्किंगच्या पार्श्वभूमीवर, छद्मावरण आपले खरे कार्य बजावते.

त्याच पहाटे, त्याच जिल्ह्यात, आणखी काही माणसे वाघाच्या रानात शिरलेली असतात, आणि त्यांच्यापाशी असा कोणताही पोशाख नसतो. मोहाची फुले रात्रीतून आणि पहाटे गळतात, म्हणून उजाडण्याच्या सुमारास बाया टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि त्यामागोमाग तेंदूपत्ता, हे कित्येक घरांचे वर्षातील रोख उत्पन्न असते. फुले वेचायची तर वाकावे लागते, उकिडवे बसावे लागते, आणि अशी वाकलेली आकृती वाघाला चार पायांच्या सावजासारखी दिसते. त्यांच्या लाल-निळ्या लुगड्यांचा रंग हा येथे प्रश्नच नाही. वाघापासून बचावासाठी वेशभूषेचा म्हणून जो एक गाजलेला प्रयोग झाला, तो सुंदरबनातला: वाघ पाठीमागून झडप घालतो हे ध्यानात घेऊन १९८६ मध्ये तेथील लाकूडतोड्यांना व मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागील बाजूस माणसाच्या चेहऱ्याचा स्वस्तातला मुखवटा लावण्यास देण्यात आला, आणि काही काळ तरी त्याचा उपयोग झाला. त्या मुखवट्याला फॅशन लाभली नाही, त्यावर कोणी लेन्सची खोळ काढली नाही. मोह वेचताना बाई मेली की वर्तमानपत्राच्या आतील पानावर चार ओळी येतात, आणि त्या ओळी वाचून हेच छद्मवेशधारी, वातानुकूलित खोलीत दुपारची झोप काढून उठताना, ‘पण हे लोक जंगलात जातातच कशाला?’ असे विचारतात. ज्याने स्वतः पैसे भरून, दोन महिने आधी आरक्षण करून, वाघ जवळून दिसावा म्हणून वाहनचालकाच्या खिशात वर नोट सरकवली आहे, त्याने हे विचारावे, याला निर्लज्जपणा म्हणतात. त्यासाठी शास्त्रीय संज्ञेची गरज नाही. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गाभा क्षेत्रातून उठून बाहेर वसली ती वाघाला जागा व्हावी म्हणून, त्या जागेत जिप्सींची रांग लागावी म्हणून नव्हे.

येत्या हंगामासाठी ज्यांचे आरक्षण झाले आहे त्यांनी भडक रंग टाळून घरातलाच एखादा जुना, मळखाऊ सदरा घालावा, तो पुरतो. वाघीण रस्त्याला लागली तर आपल्या चालकाला गाडी मागे ठेवायला सांगावे, आणि गाइडने इंजिन बंद करायला सांगितल्यावर निदान पाच मिनिटे कोणी काही बोलू नये. मंगळवारी उद्यान बंद असते.